एकच स्क्रीन, दोन यंत्रे : पहिल्या किंडलच्या घडणीचा प्रकरण अभ्यास

एप्रिल २००४ मध्ये सोनी कंपनीने जपानच्या बाजारात ‘लिब्रिए’ नावाचे वाचनयंत्र आणले. त्याची स्क्रीन सहा इंचांची होती, तिच्यावर ८०० बाय ६०० बिंदू होते आणि काळ्या-पांढऱ्यासह एकूण चार छटा दिसत होत्या. साडेतीन वर्षांनी, १९ नोव्हेंबर २००७ रोजी, अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत पहिले ‘किंडल’ विक्रीस ठेवले. त्याचीही स्क्रीन सहा इंचांची, ८०० बाय ६०० बिंदूंची आणि चार छटांचीच होती. दोन्ही स्क्रीनवर अक्षरे उमटवणारी इलेक्ट्रॉनिक शाईसुद्धा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ई-इंक या एकाच कंपनीची होती. लिब्रिए जपानमध्ये रुजले नाही. किंडलचा पहिला साठा मात्र साडेपाच तासांत संपला आणि पुढचा माल यायला एप्रिल २००८ उजाडला.

साडेपाच तासांची ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण साठा नेमका किती नगांचा होता हे कंपनीने जाहीर केले नव्हते, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकण्यात अर्थ नाही. विचार करण्यासारखी बाब वेगळी आहे. वाचनयंत्रातला सर्वांत अवघड आणि सर्वांत नवा भाग म्हणजे स्क्रीन, आणि तोच भाग दोघांकडे जवळजवळ सारखा होता. तरीही एक यंत्र कुतूहलाची वस्तू म्हणून राहिले आणि दुसरे लोकांच्या रोजच्या पिशवीत गेले. पहिल्या किंडलच्या रचनेतील निर्णय या प्रश्नाच्या उजेडात तपासायचे आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. स्क्रीनमुळे असे यंत्र शक्य झाले, हे खरेच आहे. पण ते वापरण्याजोगे झाले त्याची कारणे दोन. पान बदलायला वेळ घेणाऱ्या त्या मंद स्क्रीनकडून कोणते काम करून घ्यायचे आणि कोणते मुळीच मागायचे नाही, हे रचनाकारांनी ओळखले होते. आणि पुस्तक यंत्रापर्यंत कोणत्या वाटेने यावे हा प्रश्न त्यांनी दुकानदाराचा न मानता रचनेचाच मानला होता.

शाईचा स्वभाव

ई-इंक कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली. तिच्या मुळाशी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी केलेले काम होते. तत्त्व सांगायला सोपे आहे. माणसाच्या केसाच्या जाडीशी तुलना करावी इतक्या लहान, पारदर्शक कुप्यांमध्ये द्रव भरलेला असतो आणि त्या द्रवात पांढरे व काळे कण तरंगत असतात. पांढऱ्या आणि काळ्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. कुपीखालच्या विद्युताग्राचा भार बदलला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्याचे तळाशी जातात. वर आलेल्या कणांवर खोलीतला किंवा उन्हातला प्रकाश पडतो आणि परावर्तित होऊन डोळ्यांत येतो, अगदी कागदावरून येतो तसाच.

या रचनेतून तीन गोष्टी आपोआप निष्पन्न होतात आणि पुढचे सगळे प्रकरण या तिघींभोवती फिरते. पहिली गोष्ट अशी की, एकदा वर आलेले कण वीज बंद केली तरी वरच राहतात. त्यामुळे उघडलेले पान धरून ठेवायला वीज लागत नाही. ती लागते फक्त पान बदलताना. म्हणूनच सोनीने लिब्रिएच्या बॅटरीची क्षमता तासांत न सांगता पानांत सांगितली होती : चार बारीक, ट्रिपल-ए मापाच्या सेलवर सुमारे दहा हजार पाने. दुसरी गोष्ट, स्क्रीन उन्हात फिकी पडत नाही, उलट अधिक स्पष्ट दिसते. तिसरी गोष्ट मात्र जाचक आहे. कणांना द्रवातून प्रवास करावा लागतो, आणि त्या काळच्या स्क्रीनवर एक पान पुसून दुसरे उमटायला सुमारे एक सेकंद लागत असे. शिवाय मागच्या पानाच्या अक्षरांची पुसट सावली राहू नये म्हणून संपूर्ण स्क्रीन एकदा काळी करून घ्यावी लागे. ती उघडझाप पहिल्यांदा पाहणाऱ्याला यंत्र बिघडल्यासारखी वाटत असे.

आता हा एक सेकंद कोणत्या कामात खुपतो आणि कोणत्या कामात खुपत नाही, ते पाहावे. कादंबरी वाचणारा माणूस सहा इंची पानावर पाऊण ते एक मिनिट रेंगाळतो आणि मग पुढे जातो. एका मिनिटामागे एक सेकंद त्याला जड जात नाही. कागदाचे पान उलटायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. पण स्क्रीनवर एखादा बाण इकडून तिकडे न्यायचा असेल, यादी सरकवायची असेल किंवा टाइप केलेले अक्षर तत्क्षणी दिसायला हवे असेल, तर तोच एक सेकंद असह्य होतो. म्हणजे शाई वाचनाला योग्य होती, संगणकाच्या सवयींना अयोग्य होती.

आधीच्यांचे काय चुकले

लिब्रिएच्याही आधी, १९९८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या नूव्होमीडिया कंपनीने ‘रॉकेट ई-बुक’ काढले होते. मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग हे तिचे संस्थापक. पुढे २००३ मध्ये याच दोघांनी टेस्ला स्थापन केली. रॉकेटची स्क्रीन साधी एलसीडीची होती, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास होते आणि त्यात सुमारे दहा पुस्तके मावत. यंत्र वाईट नव्हते. पण सहाशे ग्रॅम एका हातात धरून पलंगावर आडवे पडून वाचून पाहावे, म्हणजे त्याची अडचण मनगटालाच कळते. नूव्होमीडिया २००० मध्ये जेमस्टार कंपनीने विकत घेतली आणि २००३ मध्ये जेमस्टारने ई-पुस्तकांचा व्यवसायच गुंडाळला.

लिब्रिएने वजनाचा आणि डोळ्यांचा प्रश्न सोडवला. चूक झाली ती पुस्तकांच्या बाबतीत. सुमारे चाळीस हजार येन मोजून यंत्र घेतलेल्या जपानी वाचकाला पुस्तक आधी संगणकावर उतरवून घ्यावे लागे, मग तारेने यंत्रात भरावे लागे, आणि एवढे करून ते पुस्तक साठ दिवसांनी उघडेनासे होत असे. वाचनालयातून आणलेले पुस्तक परत करावे लागते हे समजण्यासारखे आहे. पण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रात पुस्तक आपोआप कुलूपबंद होते, तेव्हा वाचक दोष देतो तो यंत्रालाच. सोनीला हे उमगले नसेल असे नाही. सप्टेंबर २००६ मध्ये सोनीने अमेरिकेत सुमारे ३५० डॉलरला ‘रीडर’ आणला तेव्हा साठ दिवसांची अट गेली होती. तार आणि संगणक मात्र तसेच राहिले.

तार कापण्याचा निर्णय

अ‍ॅमेझॉनने २००४ मध्ये कॅलिफोर्नियात ‘लॅब १२६’ नावाची उपकंपनी स्थापन केली आणि ग्रेग झेर यांच्याकडे तिची सूत्रे दिली. कंपनीच्या डिजिटल व्यवसायाची धुरा स्टीव्ह केसल यांच्याकडे होती. प्रकल्पाचे अंतर्गत नाव होते ‘फिओना’. यंत्र हातात आहे याचे भान वाचताना सुटले पाहिजे, ही अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांची अपेक्षा होती. ही अपेक्षा ऐकायला सुंदर आहे, पण ती अभियंत्याच्या मापात बसवायची कशी?

किंडलमध्ये तिचा सर्वांत ठोस अर्थ असा लावला गेला की, पुस्तक विकत घेताना संगणकाची गरजच पडू नये. त्यासाठी यंत्रात मोबाइल फोनचा रेडिओ बसवला गेला आणि स्प्रिंट कंपनीच्या जाळ्यावरून, ‘व्हिस्परनेट’ या नावाने, पुस्तके थेट उतरू लागली. ग्राहकाला महिन्याचे बिल नव्हते, करार नव्हता, सिमकार्डची भानगड नव्हती. यंत्र घरी आले तेव्हाच ते ग्राहकाच्या खात्याशी जोडलेले असे. खोके उघडायचे, सुरू करायचे आणि दुकानात शिरायचे. पुस्तक एका मिनिटाच्या आत उतरत असे. पहिल्या दिवशी सुमारे नव्वद हजार पुस्तके उपलब्ध होती आणि गाजत असलेल्या अनेक नव्या पुस्तकांची किंमत ९.९९ डॉलर ठेवली होती.

हे सगळे फुकट कसे परवडले, तर मजकूर फार हलका असतो म्हणून. चित्रे नसलेल्या कादंबरीची फाइल एक मेगाबाइटच्याही आत बसते; तेवढे पाठवण्याचा खर्च पुस्तकाच्या किमतीत मुरवता येतो. गाण्यांच्या किंवा चित्रपटांच्या यंत्राला २००७ साली असा व्यवहार जमला नसता. फुकट रेडिओ ही कंपनीची उदारता नव्हती. पुस्तक या वस्तूचे आकारमान ओळखून मांडलेला तो हिशेब होता, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातला तोच सर्वांत हुशार हिशेब होता.

पण या निर्णयाची किंमत यंत्राने लगेच मोजली. शाईचा सर्वांत मोठा गुण म्हणजे विजेची काटकसर. रेडिओने नेमका तोच गुण खाल्ला. रेडिओ बंद ठेवला तर एका भरणावर आठवडाभर वाचता येत असे, चालू ठेवला तर दर दुसऱ्या दिवशी बॅटरी भरावी लागे. म्हणून रेडिओ बंद करण्यासाठी पाठीमागे स्वतंत्र खटका द्यावा लागला. वाचकाला यंत्राचे भान राहू नये म्हणून रेडिओ बसवला, आणि रेडिओमुळे वाचकाला एका खटक्याचे भान ठेवावे लागले. अशा देवाणघेवाणीशिवाय कोणतीही रचना पुरी होत नाही. इथे देणे थोडे होते आणि घेणे खूप होते, एवढेच.

मंद स्क्रीनशी तडजोड

पहिल्या किंडलच्या बाह्य रूपाची पुष्कळ थट्टा झाली. पांढरे, कोनदार, पाचरीसारखे एका बाजूला जाड, खाली तिरक्या बटणांचा इंग्रजी कीबोर्ड. ते देखणे नव्हते यात वाद नाही. परंतु त्याच्या ओबडधोबड अंगावर एक भाग असा आहे की, रचनेचा अभ्यास करणाऱ्याने तो मुद्दाम पाहावा. स्क्रीनच्या उजवीकडे एक अरुंद, उभी, चंदेरी पट्टी होती आणि तिच्याखाली बोटाने फिरवायचे एक चाक होते. चाक फिरवले की पट्टीमधला चंदेरी ठोकळा वरखाली सरकत असे. हव्या त्या ओळीसमोर तो आणून चाक दाबले की ती ओळ निवडली जाई.

मुख्य स्क्रीन मंद होती, तिच्यावर बाण हलवणे शक्य नव्हते. रचनाकारांनी तिच्याकडून ते काम मागितलेच नाही. हलणारी खूण त्यांनी बाहेर काढून शेजारच्या पट्टीत ठेवली आणि ती पट्टी जलद चालणाऱ्या, वेगळ्या प्रकारच्या द्रवस्फटिकाची केली. म्हणजे एकाच यंत्रात दोन स्क्रीन झाल्या : एक वाचण्यासाठी, मंद आणि कागदासारखी, दुसरी बोट दाखवण्यासाठी, चपळ आणि बाकी कशालाच निरुपयोगी. शिक्षक फळ्यावरचा मजकूर न पुसता छडीने ओळ दाखवतात, तसा हा प्रकार आहे.

या उपायाला मर्यादा होत्याच. पट्टी ओळ दाखवू शकत होती, शब्द नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ पाहायचा असेल तर वाचक ओळ निवडत असे आणि यंत्र त्या ओळीतल्या अनेक शब्दांचे अर्थ एकदम समोर मांडत असे. खुणा करायच्या त्याही ओळीच्या हिशेबाने. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या दुसऱ्या किंडलमध्ये चंदेरी पट्टी गेली आणि चार दिशांना हलणारी छोटी दांडी आली, कारण तोवर स्क्रीनचा लहानसा भाग वेगळा आणि बऱ्यापैकी लवकर बदलणे जमू लागले होते. पट्टी सव्वा वर्षातच इतिहासजमा झाली म्हणून तिला चूक म्हणणे मला पटत नाही. हाती असलेल्या साहित्यात बसणारे ते उत्तर होते. साहित्य बदलले तेव्हा उत्तर बदलले.

अक्षरांची निवडही याच विचाराची आहे. मजकुरासाठी पीटर मथायस नूर्डझी यांनी घडवलेला ‘सीसीलिया’ हा टाइप घेतला होता. पुस्तकी इंग्रजी टाइपात उभ्या रेषा जाड आणि आडव्या रेषा बारीक असतात. इंचाला १६७ बिंदू आणि चार छटा एवढ्या भांडवलावर त्या बारीक रेषा तुटक दिसतात. सीसीलियाच्या रेषांची जाडी जवळजवळ सारखी आहे आणि तिच्या टोकांना चौकोनी टाचा आहेत, त्यामुळे खडबडीत स्क्रीनवरही अक्षर ठाम उभे राहते. अक्षराचे आकारही सहा ठेवलेले होते, आणि चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना यंत्र आवडण्याचे ते मोठे कारण असणार. कागदी पुस्तक कितीही सुबक असो, त्याचा टाइप वाचकाच्या चष्म्याप्रमाणे मोठा होत नाही.

टाइपाचा आकार बदलता येतो म्हटल्यावर पान क्रमांकाला अर्थ उरत नाही. एकाचे ५० वे पान दुसऱ्याचे ८० वे असू शकते. किंडलने पानांऐवजी ‘लोकेशन’ नावाचे स्वतःचे मोजमाप आणले. तर्काने ते बरोबर होते, पण वर्गात किंवा वाचकांच्या गटात कोणी “एकशे बारावे पान उघडा” म्हटले की किंडलवाला वाचक एकटा पडत असे. २०११ मध्ये छापील पान क्रमांक दाखवण्याची सोय द्यावी लागली.

जिथे अंदाज चुकला

पाने उलटण्याच्या पट्ट्या ही उघड चूक होती. दोन्ही कडांवर लांबलचक बटणे दिली होती, म्हणजे डावखुऱ्यांसह कोणालाही, कुठेही बोट ठेवून पान उलटता यावे. हेतू चांगला होता, पण बटणांनी कडा व्यापल्यावर यंत्र धरायचे कुठे? उचलताना, शेजाऱ्याला देताना, कुशीवर वळताना पान उलटले जाई आणि मंद शाईमुळे मागे यायला पुन्हा एक उघडझाप सोसावी लागे. दुसऱ्या आवृत्तीत बटणे लहान झाली आणि आतल्या बाजूला दाबली जाणारी झाली. कीबोर्डबद्दल मात्र माझे मत संमिश्र आहे. वाचकाला तो क्वचित लागतो, दुकानाला सतत लागतो. यंत्राच्या दर्शनी भागाचा एवढा मोठा तुकडा त्याला देताना दुकानाचे पारडे जड झाले असे मला वाटते.

याहून शिकवणारा अनुभव २००९ सालचा आहे. त्या वर्षी ९.७ इंची ‘किंडल डीएक्स’ आले आणि प्रिन्स्टनसह काही अमेरिकी विद्यापीठांत ते पाठ्यपुस्तकांसाठी वापरून पाहिले गेले. कागदाची बचत झाली हे विद्यार्थ्यांना आवडले, पण समासात टिपणे लिहिणे आणि मजकुरावर खुणा करणे त्यांना अपुरे आणि संथ वाटले. कादंबरी सरळ रेषेत वाचली जाते. पाठ्यपुस्तक मागे-पुढे उड्या मारत, बोट तीन ठिकाणी अडकवून वाचले जाते. प्रत्येक उडीला सेकंद लागला की विचाराची साखळी तुटते. मोठ्या स्क्रीनने त्याच मंद शाईला तिच्या स्वभावाबाहेरचे काम दिले होते. याच प्रयोगाविरुद्ध अमेरिकेतील अंधांच्या संघटनांनी अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठावर दावा लावला. यंत्र पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू शकत होते, पण पुस्तकापर्यंत नेणाऱ्या याद्या मात्र बोलत नव्हत्या. जानेवारी २०१० मध्ये तो दावा तडजोडीने मिटला.

आणि रेडिओच्या वाटेचीही दुसरी बाजू त्याच वर्षी दिसली. ज्या वाटेने पुस्तक येते त्याच वाटेने ते परतही नेता येते, हे ग्राहकांच्या ध्यानीमनी नव्हते. जुलै २००९ मध्ये एका विक्रेत्याने अमेरिकेतले हक्क नसताना विकलेली जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली आणि पैसे परत केले. त्यांतले एक पुस्तक ‘१९८४’ होते, म्हणजे सत्तेच्या सोयीप्रमाणे छापील नोंदी नष्ट करणाऱ्या राजवटीचीच कथा. एवढा योगायोग कल्पनेतही कोणी जुळवला नसता. मिशिगनमधल्या एका विद्यार्थ्याने पुस्तकासोबत आपली टिपणेही निकामी झाल्याची तक्रार करून दावा लावला. बेझोस यांनी काही दिवसांतच जाहीर माफी मागितली. इथे रचनेच्या दृष्टीने प्रश्न माफीचा नाही. लिब्रिएचे पुस्तक साठ दिवसांनी बंद होणार, हे वाचकाला आधी माहीत होते. किंडलचे पुस्तक कधीही जाऊ शकते, हे त्याला ते गेल्यावर कळले.

मराठी अक्षर या स्क्रीनवर

पहिले किंडल फक्त अमेरिकेत विकले गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये दुसऱ्या किंडलची आंतरराष्ट्रीय आवृत्ती भारतासह शंभराहून अधिक देशांत मिळू लागली, ऑगस्ट २०१२ मध्ये भारताचे स्वतंत्र किंडल दुकान उघडले, आणि मराठी पुस्तके अधिकृतपणे तिथे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम यांच्या सोबतीने. हा उशीर केवळ व्यापारी होता असे मी मानत नाही.

साधा हिशेब करून पाहू. पॉइंट हे छपाईतले टाइपाचे माप; दहा पॉइंटाच्या ओळीची उंची इंचाच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास असते. १६७ बिंदूंच्या स्क्रीनवर तिच्या वाट्याला उभे २३ बिंदू येतात. इंग्रजीतली बहुतेक लहान अक्षरे एका मजल्याची असतात, काहींची एखादी दांडी तेवढी वर किंवा खाली जाते. देवनागरीत ‘मूर्ती’ लिहिताना शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि रफार, मध्ये अक्षराचे अंग आणि खाली ऊकार असे तीन मजले उभे राहतात. ‘कर्तृत्व’मध्ये रफार वर आणि ऋकार खाली. तेवीस बिंदूंत हे तीन मजले बांधले तर रफार म्हणजे एक डाग उरतो. टाइप मोठा करावा तर नऊ सेंटिमीटर रुंदीच्या स्क्रीनवर ओळीत पाच-सहा शब्द बसतात, आणि आपले शब्द प्रत्यय जोडून लांबलेले : ‘विद्यार्थ्यांपर्यंतसुद्धा’ हा एकच शब्द अर्धी ओळ खातो. त्यातही दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा हट्ट धरला की शब्दांमध्ये भगदाडे पडतात. २०१४ पासून इंचाला ३०० बिंदूंच्या स्क्रीन आल्या. तीच ओळ आता ४२ बिंदूंची झाली आणि देवनागरीला श्वास घेता आला. शिवाय ‘दऱ्या’मधला अर्धा र, देठाचा श, मराठी वळणाचा ल, हे सगळे टाइपात असावे लागते आणि मजकूर मराठी आहे हे यंत्राला कळावेही लागते, नाहीतर मराठी कथा हिंदी वळणाच्या अक्षरांत वाचावी लागते.

तरी मोठा अडथळा यंत्राच्या अलीकडे होता. मराठी पुस्तके वर्षानुवर्षे पेजमेकर या पानजुळणीच्या प्रणालीत, श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या फॉण्टांत जुळवली गेली. त्या फाइलींमध्ये कागदावर मराठी दिसते, पण आत साठवलेले असतात ते त्या-त्या फॉण्टाचे खासगी संकेत. कागद छापून झाला की हे कोणाला जाणवत नाही. टाइपाचा आकार बदलला की ओळी नव्याने बसवणाऱ्या वाचनयंत्राला मात्र खरा मजकूर, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणारा युनिकोड, लागतो. जुन्या संकेतांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलटे. रूपांतर करणाऱ्या प्रणालीकडून जरा गफलत झाली की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि तीनशे पानांचे पुस्तक पुन्हा मुद्रितशोधकाच्या टेबलावर येते. जुन्या पुस्तकाची ई-आवृत्ती म्हणजे ‘फाइल देणे’ नव्हे, ते जवळजवळ नव्याने केलेले संपादन आहे. हा खर्च टाळण्यासाठी पीडीएफचा रस्ता धरला, तर डेमी आकाराचे पान त्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढ्या स्क्रीनवर आकसते, आणि ज्या सोयीसाठी यंत्र घेतले ती टाइप मोठा करण्याची सोयच हातातून जाते. पीडीएफ मोठी करून डावी-उजवीकडे सरकवत वाचणे म्हणजे पुन्हा त्या मंद शाईकडून न जमणारे काम मागणे.

आजचे पहिले किंडल

२००७ चे किंडल आजही काही जणांकडे चालू अवस्थेत आहे. त्याची बॅटरी मागचे झाकण काढून बदलता येते आणि त्यात एसडी कार्डाची खाच आहे. या दोन्ही सोयी दुसऱ्या आवृत्तीतच काढून टाकल्या गेल्या. त्या यंत्राला वायफाय कधीच नव्हते. ज्या मोबाइल जाळ्यावर त्याची सगळी मातब्बरी उभी होती ती जुनी जाळी अमेरिकेत बंद होऊ लागली, आणि अशा यंत्रांचा संपर्क डिसेंबर २०२१ पासून तुटेल असे अ‍ॅमेझॉनने ग्राहकांना कळवले. विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरण्याची सोयही कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून घेतली. पाठीमागचा रेडिओचा खटका अजून तिथेच आहे. तो चालू केला तर फक्त बॅटरी लवकर उतरते. बंद ठेवला तर शाईचा मूळ गुण पुन्हा पुरता हाती येतो आणि मालकाने स्वतः, लिब्रिएच्या वाचकासारखे, संगणकाला तार जोडून भरलेले हक्कमुक्त पुस्तक त्याच सहा इंची स्क्रीनवर आठवडाभर वाचता येते.